हे कोणते केंद्र बोलत आहे?

पावसाळ्याचे दिवस आहेत असे समजा. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण काठोकाठ भरत आले आहे. रात्री कुणाच्या तरी रेडिओतून आवाज येतो, "पूर्णेला पाणी सोडले आहे. काठावरच्या लोकांनी सुरक्षित जागी जावे." एवढेच बोलून आवाज थांबतो आणि गाणे सुरू होते.

आता नदीकाठच्या माणसाने काय करायचे? महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या नद्या एकाहून अधिक आहेत. येलदरीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळते, तर विदर्भातली पूर्णा अकोला, बुलढाणा या भागांतून वाहत जाऊन तापीला मिळते. पाणी नेमके कोणत्या पूर्णेला आले? बोलणारा कोण? सरकारी केंद्र, एखाद्या संस्थेचे छोटे केंद्र, की घरात बसून यंत्राशी खेळणारा एखादा खोडकर? खबर खरी असेल आणि लोकांनी ती कानाआड केली तर जिवावर बेतेल. खबर खोटी असेल आणि लोक घाबरून पळाले तरी अनर्थच. शब्द तेच आहेत. पण ते कोण बोलतो आणि कुठून बोलतो हे कळल्याशिवाय त्यांना किंमत नाही.

म्हणून जगभरच्या बिनतारी प्रक्षेपणाचा एक मूलभूत नियम आहे : बोलणाऱ्याने आपली ओळख दिली पाहिजे. नियम दिसायला साधा आहे, पण त्याच्या पोटात बरेच भौतिकशास्त्र दडलेले आहे. विशेषतः कमी शक्तीच्या प्रक्षेपकांना तो का लागू करावा लागतो, हे आज पाहू.

मीटर आणि किलोहर्ट्झ

येलदरीपासून परभणी शहर सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तेथील आकाशवाणी केंद्राची मध्यम लहरींवरची जागा १३०५ किलोहर्ट्झ अशी श्रोत्यांच्या कानांत बसलेली आहे. सभेच्या सुरुवातीला निवेदक केंद्राचे नाव सांगे, मग मीटर आणि मग किलोहर्ट्झ. या तीन गोष्टींपैकी शेवटच्या दोन खरे तर एकच आहेत. प्रकाशाचा, म्हणजेच रेडिओलहरींचा, वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. त्याला कंप्रतेने (म्हणजे वारंवारतेने) भागले की तरंगलांबी मिळते. १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३,०५,००० कंपने. भागाकार करा, उत्तर सुमारे २२९.७ मीटर येईल.

या आकड्यात आणखी एक गंमत आहे. १, ३, ०, ५ यांची बेरीज ९ होते. मुंबईची १०४४ आणि ५५८, पुण्याची ७९२, नागपूरची ५८५, जळगावची ९६३ ही आकाशवाणीची मध्यम लहरींवरची परिचित स्थाने घ्या. प्रत्येक आकड्याला ९ ने नि:शेष भाग जातो. हा योगायोग नव्हे. १९७५ साली जिनिव्हा येथे झालेल्या करारानुसार आशिया, आफ्रिका आणि युरोप या भागांत मध्यम लहरींची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवण्यात आली आणि १९७८ पासून ही व्यवस्था अमलात आली. तेव्हा या पट्ट्यात १३०७ वर कुणी बोलताना आढळला, तर तो नेमून दिलेल्या पायरीवर नाही एवढे तरी लगेच समजते.

मग प्रश्न येतो : प्रत्येक केंद्राला ठरलेली जागा असेल तर नाव कशाला सांगायचे? आकडा हीच ओळख नव्हे काय?

आकडा म्हणजे नाव नव्हे

नाही. कारण जागा थोड्या आणि बोलणारे पुष्कळ. एकच आकडा अनेकांना वाटून द्यावा लागतो. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' आणि माण तालुक्यातील म्हसवडची 'माणदेशी तरंग' ही दोन्ही सामुदायिक रेडिओ केंद्रे ९०.४ मेगाहर्ट्झ याच आकड्यावर ओळखली जातात. पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेचे केंद्रही ९०.४ वरच. रेडिओची सुई एकाच ठिकाणी ठेवा. गाव बदलले की केंद्र बदलते.

हे शक्य होते ते या केंद्रांची शक्ती मुद्दाम कमी ठेवल्यामुळे. भारत सरकारने २००६ साली सामुदायिक रेडिओचे धोरण जाहीर केले. त्यात प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत, अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि अपेक्षित पल्ला ५ ते १० किलोमीटर असे ठरले. १०० वॅट म्हणजे किती? पूर्वी घराघरांत जळणाऱ्या मोठ्या पिवळ्या दिव्याइतके. येलदरी धरणाच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण २२.५ मेगावॅट. तेवढ्या शक्तीत असे सव्वादोन लाख प्रक्षेपक चालतील!

ही १०० वॅट शक्ती सर्व दिशांना सारखी पसरली असे मानून १० किलोमीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठभागाने तिला भागा. ४ गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे सुमारे १२५ कोटी चौरस मीटर. प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला एका वॅटच्या दहा कोटी भागांपैकी जेमतेम ८ भाग येतात. तरीही आपला ग्रहणयंत्र तेवढ्यावर काम भागवतो. शक्तीखेरीज दुसरी मर्यादा आहे ती पृथ्वीच्या गोलाईची. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओलहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ३० मीटरसाठी उत्तर येते सुमारे साडेबावीस किलोमीटर. त्यापलीकडे एफएमची लहर डोकावते, पण ती दुबळी असते. बारामती आणि म्हसवड यांच्यामधले अंतर याच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणून एकच आकडा दोघांना चालतो.

परंतु दोन्ही केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात असलेल्या श्रोत्याचे काय? येथे एफएमचा एक खास गुणधर्म आड येतो. मध्यम लहरींवर दोन केंद्रे एकमेकांवर चढली तर दोन्ही एकदम ऐकू येतात. त्यांच्या कंप्रतेत ३०० हर्ट्झचा फरक असेल तर ३०० हर्ट्झची शिट्टीही ऐकू येते. घोटाळा झाला आहे हे कानाला कळते. एफएममध्ये तसे होत नाही. दोन लहरींपैकी जी बळकट असते तिलाच ग्रहणयंत्र धरून ठेवतो आणि दुबळीला जवळजवळ पूर्णपणे दाबून टाकतो. श्रोत्याला एकच आवाज स्वच्छ ऐकू येतो. आपण बारामती लावली आहे असे समजून तो म्हसवड ऐकत राहील आणि त्याला शंकाही येणार नाही. कानाला चूक कळत नसेल तर ती फक्त एका उपायाने कळते : केंद्राने अधूनमधून आपले नाव आणि गाव सांगावे. म्हणूनच लहान केंद्राला ओळखीची गरज मोठ्या केंद्राहून जास्त असते.

नियम काय म्हणतात?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ नियमावलीतील १९ वे कलम केवळ ओळखीसाठी आहे. त्याचा सारांश असा. प्रत्येक प्रक्षेपण ओळखता आले पाहिजे. खोटी किंवा दिशाभूल करणारी ओळख देण्यास बंदी आहे. ओळख बोलून देता येते, मोर्सच्या कट्ट-कडकट्टने देता येते किंवा अन्य मान्य पद्धतीने देता येते; तीत केंद्राचे नाव, ठिकाण किंवा संबोध-चिन्ह असू शकते. ओळख निदान तासातून एकदा द्यावी आणि शक्यतो जागतिक वेळेनुसार तास भरण्याच्या आधी किंवा नंतर पाच मिनिटांच्या आत द्यावी. त्यामुळे कामात अवाजवी खंड पडत असेल, तर निदान प्रक्षेपणाच्या सुरुवातीला आणि शेवटी द्यावी. आता जरा विचार करा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. जागतिक घड्याळात तास भरतो, तेव्हा आपल्या घड्याळात 'साडे' वाजलेले असतात!

संबोध-चिन्ह म्हणजे बिनतारी जगातले नाव. प्रत्येक देशाला अक्षरांचे गट वाटून दिलेले आहेत. भारताकडे एटी ते एडब्ल्यू, व्हीटी ते व्हीडब्ल्यू आणि ८टी ते ८वाय हे गट आहेत. भारतीय विमानांच्या शेपटीजवळ 'व्हीटी' ही अक्षरे दिसतात ती याच वाटपातून आलेली. १९२७ च्या जुलैत मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे संबोध-चिन्ह '७बीवाय' होते. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्राला 'व्हीयूबी' आणि दिल्लीला 'व्हीयूडी' अशी चिन्हे मिळाली. आपल्याकडे निवेदक अशा चिन्हांऐवजी केंद्राचे नाव आणि गाव सांगतात, उद्देश एकच.

अमेरिकेत मात्र चिन्ह सांगण्यावर कटाक्ष आहे. तेथे २००० साली कमी शक्तीच्या एफएम केंद्रांचा वर्ग सुरू झाला. त्यांचीही मर्यादा १०० वॅट आणि ३० मीटर उंचीच्या हिशेबाने बांधलेली आहे. अशा केंद्राच्या चिन्हापुढे 'एलपी' ही दोन अक्षरे जोडतात. प्रक्षेपण सुरू होताना, संपताना आणि दर तासाला, तास भरण्याच्या सुमारास कार्यक्रमात नैसर्गिक विराम येईल तेव्हा, आधी चिन्ह आणि लगेच गावाचे नाव सांगावे लागते. या दोहोंमध्ये हवे ते घुसडता येत नाही.

निवेदक नसलेले केंद्र

काही प्रक्षेपकांजवळ निवेदकच नसतो. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम पकडून तो डोंगरापलीकडच्या गावाला पुन्हा देणे एवढेच त्यांचे काम. १९८४ च्या सुमारास भारतात गावोगावी उभे राहिलेले दूरदर्शनचे १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक याच प्रकारचे होते. असे मुके यंत्र आपली ओळख कशी देणार?

अमेरिकेतील नियमांनी एफएम पुनःप्रक्षेपकांसाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. एक तर मूळ केंद्राने दिवसातून तीन वेळा या धाकट्या भावंडाचे नाव घ्यावे. नाहीतर यंत्राने स्वतःच दर तासाला निदान एकदा आपले चिन्ह मोर्समध्ये पाठवावे. या चिन्हाची रचनाही हिशेबी आहे. पहिले अक्षर के किंवा डब्ल्यू, मग तीन आकडी वाहिनी-क्रमांक, मग दोन अक्षरे. क्रमांकातून २०० वजा करा, उरलेल्याला ०.२ ने गुणा आणि ८७.९ मिळवा. २५० क्रमांक असेल तर ९७.९ मेगाहर्ट्झ. म्हणजे नावातच पत्ता!

याहून महत्त्वाचे उदाहरण विमानांचे आहे. विमानतळाजवळ वैमानिकाला दिशा दाखवणारे रेडिओदीप असतात आणि ते १०८ मेगाहर्ट्झपासून पुढे, म्हणजे एफएमचा पट्टा संपतो तेथून, सुरू होतात. प्रत्येक दीप सुमारे १०२० हर्ट्झच्या सुरात आपली अक्षरे मोर्समध्ये पुन्हा पुन्हा वाजवत असतो. मुंबईच्या दीपाची ओळख तीन वेळा 'बी', म्हणजे एक लांब आणि तीन आखूड ठोके, असे तीनदा. वैमानिकाने काट्यावर विश्वास ठेवण्याआधी हे ठोके ऐकायचे असतात. दुरुस्ती चालू असताना दीपातून लहरी बाहेर पडत असल्या तरी त्याची ओळख काढून घेतात. ठोके नाहीत म्हणजे 'माझ्यावर विसंबू नका'. ओळख ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नसून विश्वासाची आहे, याचा याहून चांगला दाखला कोणता?

ओळख अर्धीच देणारे केंद्र

आपल्या इतिहासात एका छोट्या केंद्राने ओळखीचा निम्मा भाग मुद्दाम लपवला होता. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा ऑगस्टअखेर मुंबईत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तो चालवत होते. प्रत्येक वेळी ते केंद्राचे नाव सांगत, ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगत आणि ठिकाण मात्र 'भारतात कुठेतरी' एवढेच सांगत.

का बरे? लोकांनी बातमीवर विश्वास ठेवावा म्हणून नाव हवे होते. लोकांना सुई कुठे लावायची ते कळावे म्हणून तरंगलांबी हवी होती. पण ठिकाण सांगितले असते तर पोलीस दारात उभे राहिले असते. ४२.३४ मीटरची कंप्रता तुम्हीच काढा; ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. लहर मात्र ठिकाण लपवू देत नाही. दिशा शोधणारी अँटेना घेऊन दोन ठिकाणांहून माप घेतले, की दोन रेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. म्हणून हे तरुण घरे बदलत राहिले. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात धाड पडली आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यातली ही गोष्ट आहे. पण तीतून ओळखीची दोन अंगे स्पष्ट होतात : नाव श्रोत्याच्या विश्वासासाठी आणि ठिकाण जबाबदारीसाठी.

स्वतंत्र देशात परवान्याने चालणाऱ्या केंद्राने दोन्ही द्यावीत अशी अपेक्षा असते. आपल्या सामुदायिक रेडिओला प्रसारित केलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात, आणि नैसर्गिक आपत्तीच्या सूचना स्थानिक प्रशासनाकडून आलेल्याच द्यायच्या असतात. म्हणजे कोण बोलले, काय बोलले आणि कुणाच्या सांगण्यावरून बोलले, हे तिन्ही मागाहून तपासता येते. पूर्णाकाठच्या माणसाला हवी असलेली खात्री ती हीच.

न ऐकू येणारी ओळख

आता यंत्रेही एकमेकांना ओळख देतात. अनेक एफएम केंद्रांच्या लहरीवर ५७ किलोहर्ट्झची एक उपवाहक लहर चढवलेली असते. कानाला ती ऐकू येत नाही, पण तिच्यातून सेकंदाला ११८७.५ या वेगाने शून्य आणि एक असे अंक जातात. १०४ अंकांचा एक गट होतो आणि प्रत्येक गटात केंद्राचा १६ अंकी संकेत असतो. भागाकार केला तर कळेल की केंद्र दर सेकंदाला ११ वेळा आपले नाव सांगत असते! १६ अंकांतून ६५,५३६ वेगवेगळे संकेत बनतात. मोटारीतला रेडिओ याच संकेताच्या मदतीने, एका प्रक्षेपकाच्या टापूतून बाहेर पडताच त्याच कार्यक्रमाचा दुसरा प्रक्षेपक शोधून काढतो.

तुम्ही काय कराल?

ट्रान्झिस्टर घ्या. दिवसा मध्यम लहरींवरचे जे केंद्र तुमच्याकडे स्पष्ट ऐकू येते ते लावा आणि संच सपाट धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत आवाज अगदी बारीक होईल. आत असलेली फेराइटची कांडी तेव्हा केंद्राच्या रोखाने असते. ती दिशा होकायंत्राने मोजून नकाशावर रेघ ओढा. काही किलोमीटर बाजूच्या गावातल्या मित्राला हेच करायला सांगा. दोन्ही रेषा ज्या गावाजवळ छेदतात, तेच गाव निवेदकाने सांगितले काय, ते पाहा. जितके दूर जाल तितकी रेघ चुकण्याची शक्यता वाढते, म्हणून तीन-चार जणांनी मिळून हा प्रयोग करावा.

दुसरा प्रयोग रात्रीचा. सूर्य मावळल्यावर वातावरणातील 'डी' हा विद्युत्भारित थर विरून जातो, आणि दिवसा शोषल्या जाणाऱ्या मध्यम लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. आठवडाभर रात्री ऐकून वही करा : वेळ, आकडा, भाषा आणि ओळख केव्हा दिली. आकड्याला ९ ने भाग जातो का तेही तपासा. जेथे ओळख ऐकू आली नाही तेथे अंदाजाने नाव लिहू नका, रकाना रिकामा ठेवा.

एक गोष्ट मात्र करू नका. बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून छोटा एफएम प्रक्षेपक बनवणे अवघड नाही, पण परवान्यावाचून तो चालवणे कायद्याने गुन्हा आहे. अशा यंत्राची कंप्रता उष्णतेने सरकते. सरकत सरकत ती १०८ च्या पलीकडे गेली तर विमानांच्या रेडिओदीपांत आवाज मिसळेल, आणि 'बंद करा' असे सांगायचे कुणाला, हेही कुणाला कळणार नाही. ज्यांना खरोखर बोलायचे आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्यांना हौशी बिनतारीचालकाची परीक्षा देता येते. उत्तीर्ण झालात, परवाना मिळाला, की 'व्हीयू' ने सुरू होणारे तुमचे स्वतःचे संबोध-चिन्ह मिळेल. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा असेच हौशी चालक निरोप पोहोचवण्यासाठी धावून आले होते. शिक्षकांनी मनावर घेतले तर शाळेतही या परीक्षेची तयारी करून घेता येईल. मग बोलण्याआधी तुम्हांला पहिली गोष्ट शिकावी लागेल ती म्हणजे आपले चिन्ह स्पष्ट उच्चारणे.